मंगळावरची धूळ चुंबकाला चिकटली, तर त्यातून नेमके काय कळते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थ्यांचा एक गट मंगळावरच्या रोव्हरची प्रतिकृती बनवतो आहे. नासाच्या रोव्हरांवर चुंबके बसवलेली होती, असे त्यांच्या वाचनात आले. त्यांचे म्हणणे असे की चुंबकाला धूळ चिकटली म्हणजे तिच्यात लोह आहे हे सिद्धच झाले, मग एकाच रोव्हरवर वेगवेगळ्या प्रकारची चुंबके कशासाठी? आणि त्या धुळीवरून तिथे कधीकाळी पाणी होते की नाही, हे कसे ठरवतात?

मी खडकांमधल्या चुंबकीय खनिजांवर काम करते. हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण त्यातला पहिला समज बाजूला केला की उरलेली दोन उत्तरे बरीच सोपी होतात.

लोह असणे आणि चुंबकाला चिकटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंगळाच्या मातीतले सगळे लोह ऑक्साइडाच्या रूपात धरून मोजले, तर त्याचे प्रमाण वजनाने साधारण 16 ते 20 टक्के भरते. पण हे लोह बरेचसे ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन या सिलिकेट खनिजांत, शिवाय अतिसूक्ष्म तांबूस ऑक्साइडांत अडकलेले असते, आणि त्यांना चुंबक जवळजवळ ओळखतच नाही. लोह किती आहे हे क्ष-किरणांच्या उपकरणाने कळते, त्यासाठी चुंबक लागत नाही. चुंबक लावायचा तो या लोहापैकी किती भाग जोरदार चुंबकीय खनिजाच्या रूपात आहे हे पाहण्यासाठी, आणि मुख्य म्हणजे तो भाग कणांमध्ये कसा वाटला गेला आहे हे पाहण्यासाठी. हा दुसरा भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

काही आकडे समोर ठेवू. एखादे खनिज पूर्ण चुंबकित झाले की त्याच्या दर किलोमागे किती चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून किती ताकद मिळते, याला आम्ही संपृक्त चुंबकन म्हणतो. मॅग्नेटाइटसाठी ते सुमारे 92 ॲम्पिअर-वर्गमीटर प्रति किलो आहे. मॅघेमाइटसाठी 70 च्या थोडे वर. हेमटाइटसाठी फक्त 0.4 च्या आसपास. तिन्ही लोहाचीच ऑक्साइडे, पण फरक दोनशे पटींहून अधिक. म्हणून शुद्ध हेमटाइटचा ढीग चुंबकापुढे निवांत पडून राहील आणि शंभरात दोन-तीन भाग मॅग्नेटाइट असलेली धूळ मात्र चुंबकावर जाऊन बसेल.

आता इतिहासाकडे वळते, कारण चुंबकांचे प्रकार का वाढत गेले ते त्यातून कळते. 1976 मध्ये व्हायकिंग 1 आणि व्हायकिंग 2 ही याने मंगळावर उतरली. माती खणणाऱ्या हातावर समेरियम-कोबाल्टची चुंबके होती, काही जोरदार आणि काही क्षीण. ती थेट मातीत खुपसायची आणि मग कॅमेऱ्याने विवर्धक आरशातून पाहायची, अशी योजना. निकाल असा आला की जोरदार आणि क्षीण अशा दोन्ही चुंबकांवर माती गच्च बसली. म्हणजे चुंबकीय पदार्थ आहे हे नक्की, पण मोजपट्टी दोन्ही टोकांना भरून गेल्यामुळे नेमके प्रमाण ठरेना. रॉबर्ट हारग्रेव्ह्स यांच्या गटाने 1 ते 7 टक्के असा अंदाज दिला. एवढा मोठा पल्ला का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

पुढच्या वेळी ही उणीव भरून काढली गेली. 4 जुलै 1997 रोजी एरीस व्हॅलिसमध्ये उतरलेल्या पाथफाइंडरवर कोपनहेगनच्या नील्स बोर इन्स्टिट्यूटमधल्या येन्स मार्टिन क्नुडसेन यांच्या गटाने ओळीने पाच चुंबके बसवली, प्रत्येकाची ताकद वेगळी. माती उकरायची नाही. वाऱ्याने येणारी धूळ त्यांच्यावर बसू द्यायची आणि दिवसागणिक छायाचित्रे घ्यायची.

यात दोन शक्यता तपासायच्या होत्या. समजा धुळीत मॅग्नेटाइटचे सुटे काळे कण आणि चुंबकाला न जुमानणारे तांबूस कण असे वेगवेगळे मिसळलेले आहेत. तर सर्वांत क्षीण चुंबकसुद्धा त्यातले सुटे काळे कण वेचून घेईल आणि त्याच्यावर गडद ठिपका दिसेल. याउलट, प्रत्येक कणातच थोडे चुंबकीय खनिज आणि बाकीचे सिलिकेट असे मिश्रण असेल, तर प्रत्येक कण मध्यम चुंबकीय ठरेल. मग जोरदार चुंबकावर भरपूर धूळ, क्षीण चुंबकावर फारच थोडी, आणि सगळीकडे रंग जवळजवळ तोच तांबूस, असे चित्र दिसेल. पाथफाइंडरवर दिसले ते दुसरे चित्र. चुंबकाला चिकटलेली धूळ आणि आजूबाजूला पसरलेली धूळ यांच्या रंगात फारसा फरक नव्हता. म्हणजे प्रत्येक कण मिश्र होता. धुळीचे सरासरी संपृक्त चुंबकन सुरुवातीला 4 च्या आसपास काढले गेले, पुढे ते 2.5 च्या जवळ आणले गेले.

हा आकडा हातात घेऊन थोडा हिशेब करू, कारण खरी अडचण इथेच सुरू होते. 4 ला मॅग्नेटाइटच्या 92 ने भागले तर धुळीत सव्वाचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेटाइट निघते. मॅघेमाइटच्या 70 ने भागले तर पावणेसहा टक्के. दोन्ही आकडे पटण्याजोगे, दोन्ही व्हायकिंगच्या पल्ल्यात बसणारे. चुंबकाला खनिजाचे नाव कळत नाही, त्याला फक्त ओढ कळते. चुंबकांची ताकद कितीही बारकाईने कमी-जास्त केली तरी हा पेच सुटणार नाही.

आणि पाण्याचा प्रश्न नेमका या पेचावर अडलेला होता. ज्वालामुखीय बेसाल्ट खडक थंड होताना त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण तयार होतात, आणि बहुधा त्यांत टायटॅनियम मिसळलेले असते. खडक झिजला की ते कण धुळीत येतात. यासाठी पाण्याची फारशी गरज नाही. मॅघेमाइटचा एक मार्ग मात्र पाण्यातून जातो: पाण्यात विरघळलेले लोह ऑक्सिडीकृत होऊन साका बसावा तसे कणांवर बसते आणि त्यांना एकत्र सांधते. अशा साक्याबरोबर टायटॅनियम येण्याचे कारण नाही. पाथफाइंडरनंतर कोपनहेगनच्या गटाचा कल मॅघेमाइटकडे, म्हणजे पाण्याच्या बाजूने होता. तेव्हा हाती असलेल्या पुराव्यावर तो तर्क मला आजही रास्त वाटतो.

2004 च्या जानेवारीत स्पिरिट हा रोव्हर गुसेव्ह विवरात आणि ऑपॉर्च्युनिटी हा रोव्हर मेरिडियानी प्लेनम या सपाट प्रदेशावर उतरला, तेव्हा चुंबकांची रचना हा पेच समोर ठेवूनच केलेली होती. तुमच्या प्रश्नातली ‘वेगवेगळी चुंबके’ बहुधा हीच असणार. कॅमेऱ्याच्या खांबाच्या पायथ्याशी दोन चकत्या तिरक्या बसवलेल्या होत्या. एक ग्राहक चुंबक: शक्य तेवढी धूळ ओढणारा. दुसरा गाळणी चुंबक: मुद्दाम क्षीण ठेवलेला, म्हणजे फक्त जास्त चुंबकीय कणच त्याला चिकटतील. या दोन्ही चकत्या रोव्हरच्या हाताच्या टप्प्यात होत्या, त्यामुळे हातावरची उपकरणे थेट त्यांच्यावर टेकवता येत. शिवाय खडक घासणाऱ्या यंत्रातही चुंबके होती; खडकाचा भुगा उडाला की त्यातले चुंबकीय कण ती धरून ठेवत. त्यामुळे खडकातले चुंबकीय खनिज आणि धुळीतले चुंबकीय खनिज शेजारी ठेवून तोलता आले.

सगळ्यांत सुंदर रचना मला वाटते ती झाडू चुंबकाची. हा एक छोटा कडीसारखा चुंबक, कॅमेऱ्याचे रंग जुळवण्यासाठी ठेवलेल्या रंगपट्टिकेजवळ बसवलेला. कडीचे चुंबकीय क्षेत्र असे असते की चुंबकीय कण कडीवर खेचले जातात आणि मधल्या वर्तुळात त्यांना जागाच मिळत नाही. मध्ये बसू शकतात फक्त अचुंबकीय कण. म्हणजे हा चुंबक चुंबकीय धूळ मोजण्यासाठी नाहीच, तो अचुंबकीय धूळ शोधण्यासाठी आहे. मंगळावर दिवसामागून दिवस गेले, कडीवर धुळीचा थर चढत गेला, बाकीचा पृष्ठभाग तांबूस झाला, आणि मधले वर्तुळ मात्र जवळजवळ स्वच्छ राहिले. हवेतून येणाऱ्या धुळीचे बहुतेक सगळे कण कमीअधिक चुंबकीय आहेत, हे यापेक्षा सरळ रीतीने दाखवता आले असते असे मला वाटत नाही. पुढे क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या रोव्हरांच्या रंगपट्टिकांमध्येही हीच युक्ती वापरली गेली. तिथे तिचा आणखी एक फायदा मिळतो: रंगाच्या ठिपक्याचा मधला भाग कमी धुळकट राहतो, म्हणून कॅमेऱ्याचे रंग नीट जुळवता येतात.

पण खनिजाचे नाव? ते सांगितले मॉसबाउअर वर्णपटमापकाने. गॉस्टार क्लिंगलहोफर यांच्या माइन्झमधल्या गटाने बनवलेले हे छोटे उपकरण हाताच्या टोकाला बसवलेले होते. त्यातल्या किरणोत्सर्गी कोबाल्ट-57 मधून 14.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण निघतात. स्रोत सेकंदाला काही मिलिमीटर वेगाने मागेपुढे हलवला की किरणांची ऊर्जा अगदी किंचित बदलते, आणि नमुन्यातली लोहाची अणुकेंद्रे नेमकी कोणत्या ऊर्जेला प्रतिसाद देतात ते नोंदले जाते. मॅघेमाइटमध्ये सगळे लोह एकाच प्रकारचे, तीन धनभार असलेले असते. मॅग्नेटाइटमध्ये स्फटिकातल्या दोन जागांवर लोहाची अवस्था वेगळी असते, म्हणून सहा-सहा रेषांचे दोन संच एकमेकांवर चढलेले दिसतात. दुसरा संच दिसला की मॅग्नेटाइट आहे हे ठरते.

ऐकायला सोपे वाटते, पण ज्यांनी असे वर्णपट घेतले आहेत त्यांना ठाऊक आहे की नमुना पातळ असला की धीर धरावा लागतो. चुंबकावरचा धुळीचा थर फारच पातळ. त्यात कोबाल्ट-57 चा अर्धायुकाल सुमारे 272 दिवस. एका पृथ्वीवर्षानंतर स्रोताची ताकद साधारण 39 टक्क्यांवर येते, म्हणजे तितकेच संकेत गोळा करायला अडीचपट वेळ लागतो. आज मोजू की धूळ आणखी साठू देऊ, हा निर्णय अशा वेळी कठीण असतो: थांबलो तर थर जाड होईल, पण स्रोत क्षीण होत जाईल.

निकाल 2005 मध्ये वॉल्टर गोट्झ आणि सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञान-नियतकालिकात मांडला. चुंबकावरच्या धुळीतले मुख्य चुंबकीय खनिज मॅग्नेटाइट निघाले. क्ष-किरणांच्या मापनात टायटॅनियमही दिसले, म्हणजे बेसाल्टशी नाते जुळले. आणि त्याच धुळीत ऑलिव्हिनही होते. पाणी लागले की ऑलिव्हिन लवकर बदलते. ते टिकून आहे याचा अर्थ या धुळीच्या घडणीत पाण्याचा वाटा प्रमुख नव्हता. पाण्याकडे झुकलेला तर्क असा कोरड्या बाजूला वळला.

इथे मला एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण वाचणारे पुष्कळदा घाईने पुढे जातात. ‘धूळ कोरड्या परिस्थितीत घडली’ याचा अर्थ ‘मंगळावर पाणी नव्हते’ असा होत नाही. ऑपॉर्च्युनिटीने त्याच काळात मेरिडियानीच्या खडकांत पाण्याचे भक्कम पुरावे शोधले. शिवाय चुंबकत्व देणारे खनिज आणि लाल रंग देणारे खनिज ही एकाच कणात राहणारी दोन वेगळी खनिजे आहेत. लाल रंगामागे फेरीहायड्राइट हे पाणी धरून ठेवणारे ऑक्साइड असावे, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडले आहे. ते खरे असेल तर त्याच कणाचा तांबूस भाग थंड, ओलसर काळाबद्दल काही सांगतो आणि काळा भाग ज्वालामुखीय खडकाबद्दल. चुंबकावरून आपण फक्त काळ्या भागाबद्दल बोलू शकतो.

धूळ आणि माती यांतही गल्लत करू नका. धुळीचे कण साधारण 3 मायक्रॉनचे. वादळे त्यांना साऱ्या ग्रहावर फिरवतात. गुसेव्ह आणि मेरिडियानी या जागा मंगळाच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, तरी दोन्हीकडच्या चुंबकांवर बसलेली धूळ सारखीच निघाली. माती मात्र जागेची असते. मेरिडियानीच्या मातीत हेमटाइटच्या गोळ्या विखुरलेल्या आहेत, गुसेव्हमध्ये नाहीत. वरचा थर आणि खालचा थर यांतही जमीनअस्मानाचा फरक असू शकतो: स्पिरिटचे पुढचे उजवे चाक 2006 मध्ये बंद पडले आणि ते फरफटत जाताना जी चर पडली, तिच्यात पुढच्या वर्षी सुमारे 90 टक्के सिलिका असलेली पांढरी माती सापडली. क्युरिऑसिटीने 2012 मध्ये रॉकनेस्ट इथली वाळू उचलली, तेव्हा पहिले घास नमुना म्हणून वापरलेच नाहीत. आतल्या नळ्या आणि चाळण्या घासून पृथ्वीवरचे अवशेष काढून टाकण्यासाठी ते खर्च केले. मग क्ष-किरण विवर्तनातून त्या वाळूतही थोडे मॅग्नेटाइट दिसले.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. चुंबकाचा जोर म्हणजे नुसते क्षेत्र नव्हे, ते क्षेत्र अंतरानुसार किती झपाट्याने बदलते ते महत्त्वाचे. एकसारख्या क्षेत्रात कणाला ओढ नसतेच. 2.5 चुंबकन असलेल्या कणाचे मंगळावरचे वजन पेलायला क्षेत्रात मीटरमागे दीड टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) इतका बदल पुरतो, आणि छोट्या चांगल्या चुंबकाच्या पृष्ठभागालगत तो याच्या कितीतरी पट असतो. म्हणून वजन हा प्रश्नच नाही. प्रश्न दोन आहेत. एक, ही ओढ काही मिलिमीटरांतच संपते, म्हणजे वाऱ्याने कण तेवढ्या जवळ आणून द्यावा लागतो. चुंबक रोव्हरच्या पाठीवर कुठे आहे, त्याच्या आड काय येते, वारा कोणत्या ऋतूतला, यावर सारे ठरते. दोन, 3 मायक्रॉनचा कण कोणत्याही पृष्ठभागाला आपोआप चिकटतो, चुंबक असो वा नसो. म्हणून शेजारी तसलाच पण चुंबक नसलेला पृष्ठभाग असल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

एवढ्यावर एकदा मागे वळून पाहिले तर तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरे अशी: निरनिराळ्या ताकदीची चुंबके लागतात, कारण त्यांतूनच कण सुटे की मिश्र ते कळते, आणि पाण्याबद्दलचा निष्कर्ष चुंबकाने दिलेला नाही, चुंबकाने गोळा केलेल्या धुळीवर मॉसबाउअर आणि क्ष-किरणांनी जे वाचले त्यातून तो आला.

तुमच्या प्रतिकृतीसाठी काही सूचना. सर्वांत पहिली: मातीत लोखंडाचा कीस मिसळू नका. प्रात्यक्षिकांमध्ये हे सर्रास केले जाते आणि त्याने सगळा प्रयोग उलटा होतो. शुद्ध लोखंडाचे चुंबकन 218 च्या आसपास, आणि कीस सुटा असतो. सर्वांत क्षीण चुंबकही तो वेचून घेईल आणि तुम्हाला मंगळावर न दिसलेले पहिले चित्र दिसेल. त्याऐवजी बेसाल्टची बारीक पूड घ्या. मॅग्नेटाइटचे कण खडकात इतके बारीक विखुरलेले असतात की पूड काही दहा मायक्रॉनांची असेल तर बरेचसे कण मिश्रच राहतात. पूड करताना आणि उडवताना तोंडावर चांगला मास्क हवाच. ही धूळ फुप्फुसांना वाईट.

तयार मिळणाऱ्या मंगळसदृश मातीबद्दलही सावध राहा. हवाईच्या पू नेने इथल्या राखेपासून बनवलेली जेएससी मार्स-1 ही माती रंगाने मंगळासारखी दिसावी म्हणून प्रसिद्ध झाली, पण तिचा चुंबकीय भाग बराच मोठा आहे. कोणतीही माती वापरण्याआधी तिचे चुंबकन मोजून घ्या, किंवा निदान चुंबकाने किती टक्के वजन वेगळे होते ते तराजूवर पाहा.

चुंबके तीन पुरेत, आणि तिन्ही एकाच प्रकारची घ्या. ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीत मागून वेगवेगळ्या खोलीची भोके पाडून ती बसवली की पृष्ठभागावरची ताकद आपोआप उतरत जाते आणि वरून सगळे सपाट, एकसारखे दिसते. चौथे भोक रिकामे ठेवा. एक कडीचा चुंबक मिळाला तर तोही लावा. पूड चमच्याने ओतू नका. पंख्याच्या मंद झोतात थोडी थोडी सोडा, पट्टी तिरकी ठेवा. छायाचित्रे प्रत्येक वेळी त्याच कोनातून, त्याच दिव्याखाली घ्या आणि चौकटीत एक रंगपट्टिका असू द्या, नाहीतर रंगाची तुलना करता येणार नाही. मग झोत थोडा वाढवून पाहा: रिकाम्या भोकावरची धूळ कधी उडते आणि कोणत्या चुंबकावरची कधी, हा क्रम लिहून ठेवा. तो क्रम आणि कडीच्या मधला भाग किती स्वच्छ राहिला, एवढ्या दोन नोंदी नीट जमल्या तर तुमच्या पुडीतले कण सुटे की मिश्र हे तुम्ही स्वतः सांगू शकाल.